बिनपावसाची छत्री

ऐन ऑक्टोबरात, आभाळात औषधालाही ढग नसताना, मी एक पांढरी शुभ्र छत्री काखेत मारून फणसवाडीतल्या आमच्या चाळीचा जिना चढलो, तेव्हा पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या अण्णांनी मला नखशिखांत न्याहाळले. दुसऱ्याच्या हातात काय आहे हे न विचारणे आमच्या चाळीत माणूसघाणेपणाचे समजतात.

"काय मास्तर, पाऊस यायचाय वाटतं?"

"पावसाची नाही अण्णा, फोटोची छत्री आहे."

"फोटो भिजतात?"

मी हसून वेळ मारून नेली. पण तिसऱ्या मजल्यावर मी पोचायच्या आत मास्तरांनी फोटोसाठी छत्री आणल्याची बातमी तिथे पोचली होती. आमची आत्या दारातच उभी होती. तिने छत्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "घरात छत्री उघडायची नाही हं. आधीच सांगून ठेवते."

झाले होते असे. दिवाळीनंतर आमची चाळ रिकामी व्हायची होती. गिरगावात चाळ पडणे आणि तिच्या जागी टॉवर उभा राहणे ही आता बातमी राहिलेली नाही. पण आपली चाळ पडायची ठरते तेव्हा ती बातमी असते. कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला, कोणी दहिसरला भाड्याच्या खोलीत, अशी बिऱ्हाडे पांगणार होती. तीन वर्षांत परत येऊ असे सगळे म्हणत होते. ऐंशीच्या पुढची माणसे तेवढी म्हणत नव्हती. तेव्हा उत्सव मंडळाने ठरवले, की या शेवटच्या दिवाळीला चाळीतल्या पंचाहत्तरीपुढच्या माणसांचे फोटो मोठे करून चौकात लावायचे. अशी माणसे निघाली अकरा. काम माझ्याकडे आले, कारण माझ्याजवळ एक बरा कॅमेरा आहे आणि त्याच्या डोक्यावर बसणारा एक फ्लॅश आहे. कॅमेरा मी एका कादंबरीच्या मानधनातून घेतला. यावरून वाचकांनी माझ्या मानधनाविषयी गैरसमज करून घेऊ नये. निम्मे पैसे बायकोने घातले होते.

पहिला बळी अण्णांचा. त्यांना भिंतीशी खुर्चीवर बसवले आणि समोरून फ्लॅश उडवला. जो फोटो आला तो पाहून मीच चपापलो. चेहरा भाजलेल्या पापडासारखा सपाट. कपाळावर तेल ओतल्यासारखी चकाकी. चष्म्याच्या काचांत दोन पांढरे सूर्य, आणि मागच्या भिंतीवर अण्णांना चिकटून एक काळाकुट्ट दुसरा अण्णा. पोलीस चौकीतल्या फळ्यावर लावायला फोटो झकास होता. अण्णांनी तो शांतपणे पाहिला.

"मास्तर, हा मी गेल्यावर लावा," ते म्हणाले. "म्हणजे गेल्याचं कोणाला फारसं वाईट वाटणार नाही."

त्या रात्री मी फ्लॅश या विषयाचा अभ्यास सुरू केला. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, पण एवढ्या कामाला ते पुरले. फ्लॅशचे तोंड असते जेमतेम दोन काडेपेट्यांएवढे. एवढ्याशा फटीतून डोळे दिपवणारा उजेड एकाच दिशेने येतो. जिथे तो पोचतो तिथे लख्ख, जिथे पोचत नाही तिथे मिट्ट. मधली पायरीच नाही. उलट, उजेड देणारी वस्तू मोठी असली, तर तिच्या एका कडेने पाडलेल्या नाकाच्या सावलीत दुसऱ्या कडेचा उजेड शिरतो आणि सावलीची धार बोथट होते. मौज अशी, की येथे मोठी म्हणजे प्रत्यक्षात मोठी नव्हे, चेहऱ्याच्या जागेवरून पाहिले असता मोठी. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर. पण तो पंधरा कोटी किलोमीटरांवर बसलेला असल्यामुळे आपल्या दृष्टीने तो एक टिकलीच. म्हणून मे महिन्यातल्या दुपारची सावली सुरीने कापल्यासारखी असते. तोच सूर्य श्रावणात ढगाआड गेला की सगळे आभाळ दिवा होते आणि सावली कुठे संपली ते कळत नाही.

आणि हे ज्ञान आपल्याला नवे आहे असे थोडेच! दिवाळीत आपण दारात नुसता दिवा टांगत नाही. त्याला पतंगाच्या कागदाचा आकाशकंदील घालतो. आतला दिवा तोच, पण डोळ्यांत टोचणारा तो उजेड कागदभर पसरून खाली उतरतो. आमच्या चाळीच्या गॅलरीत सकाळी नऊ ते दहा जो उजेड असे, तोही असाच गाळलेला. ऊन आमच्यावर कधी पडलेच नाही. ते समोरच्या चाळीच्या चुना दिलेल्या भिंतीवर पडे आणि तिथून उसने आमच्याकडे येई. त्या तासात गॅलरीत तांदूळ निवडायला बसलेली कोणतीही बाई सुंदर दिसे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी होते. त्याच सुमारास हरिश्चंद्र चिंतामण यांनी इथे फोटोचा व्यवसाय केला. तेव्हा फ्लॅश कुठला! मॅग्नेशियमची भुकटी पेटवून भपका उडवण्याची युक्ती जर्मनीत निघाली १८८७ साली. तोवर सगळा कारभार सूर्याचा. काचेच्या छपराचे स्टुडिओ असत आणि आत पांढऱ्या कापडाचे पडदे. १९१३ च्या मे महिन्यात आमच्याच गिरगावात, कोरोनेशनमध्ये, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला, त्याचे चित्रणसुद्धा उन्हात झालेले. सांगायचे एवढेच, की उजेड कापडाने गाळून घेणे ही जुनी विद्या आहे. छत्रीने फक्त ती घडी घालून काखेत मारण्याजोगी केली.

तर ती छत्री आणायला मी फणसवाडीतून निघालो तो काळबादेवी, क्रॉफर्ड मार्केट करत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. कॅमेऱ्याच्या सामानाची दुकाने तिथे ओळीने आहेत. छत्री म्हणजे छत्री, असे मला वाटत होते. दुकानदाराने काऊंटरवर एकामागून एक पाच उघडून ठेवल्या तेव्हा लग्नाच्या साड्या पाहायला गेलेल्या नवऱ्याचे जे होते ते माझे झाले.

"साहेब, ही चांदी. उजेड पुष्कळ देते. ही सोनेरी. हळदीचं काम असलं तर घ्या, नाहीतर घेऊ नका, सगळे कावीळ झाल्यासारखे येतात. ही पांढरी, बाहेरून काळी. हिच्यात फ्लॅश मारायचा, उजेड उलटा फिरून येतो. आणि ही सगळी पांढरी. हिच्यातून आरपार मारायचा."

"सगळ्यांत मऊ कुठली?"

"माणसं कशी आहेत?"

"म्हातारी."

"मग आरपारवाली घ्या, मोठी घ्या, आणि तोंडाजवळ आणा," तो म्हणाला. "दहा वर्षं कमी दिसतील."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. उलटा उजेड देणाऱ्या छत्रीचा दांडा बसणाऱ्याच्या दिशेने रोखलेला असतो आणि मध्ये फ्लॅश व स्टँड येतो, त्यामुळे ती फार जवळ आणता येत नाही. डोळ्यात दांडा जायचा. आरपार छत्रीचा घुमट माणसाकडे असतो. ती अगदी गालाला लागेल इतकी पुढे सरकवा, आणि जितकी जवळ तितकी ती मोठी, आणि जितकी मोठी तितकी मऊ. मी पाच फुटी घेतली. सोबत एक स्टँड आणि दांडा अडकवायचा चिमटा. मऊपणाची मला त्या दिवशी हावच सुटली होती.

पाच फुटांची छत्री दहा बाय बाराच्या खोलीत उघडणे हा प्रकार ज्याने केला असेल त्यालाच ठाऊक. खोलीत आधीच एक पलंग, एक कपाट, कपड्यांची दोरी, देव्हारा, आणि माळ्यावर चढायची शिडी. छत्रीची एक काडी पंख्याला लागली, दुसरीने दिनदर्शिकेतली संकष्टी फाडली. आत्याने बंदी घातल्यामुळे पहिला प्रयोग मी अण्णांच्या खोलीत केला. अण्णा पुन्हा बसायला तयार झाले हा त्यांचा मोठेपणा.

या खेपेस फोटो मऊ आला, पण हिरवा आला. अण्णांच्या गालाला शेवाळ धरले होते. पुष्कळ डोके खाजवल्यावर उलगडा झाला: आरपार छत्रीतून जितका उजेड पुढे जातो, त्याहून फारसा कमी नाही इतका मागे परततो आणि खोलीभर उधळतो. अण्णांच्या खोलीला पोपटी ऑइलपेंट. तो पोपटी उजेड चहूकडून अण्णांवर परत येत होता. मग मी शेजारणीकडून पांढऱ्या चादरी मागून आणल्या आणि तिन्ही भिंतींना टांगल्या. शेजारीण म्हणाली, "मास्तर, कोणी गेलं का?" चष्म्यात छत्री दिसायची ती वेगळीच, काड्यांसकट, जणू काचेवर पांढरा कोळी बसलाय. त्यावर मॅट्रिकचा नियम कामी आला: उजेड ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो. छत्री वर चढवली, अण्णांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली, आणि कोळी काचेवरून उतरून गेला.

अखेर अण्णा जसे आहेत तसे, किंवा ते स्वतःला जसे समजतात तसे, फोटोत आले. मग काय विचारता! चार दिवसांत दहा म्हाताऱ्यांचे फोटो झाले. तळमजल्यावरच्या काकू तर फोटोसाठी नऊवारी नेसून नथ घालून बसल्या आणि फोटो पाहून लाजल्या. माझी आणि माझ्या छत्रीची कीर्ती शेजारच्या वाडीपर्यंत गेली.

राहिली अकरावी. आमची आत्या.

आत्याचा फोटो घरात नाही. माझी आई मी चौथीत असताना गेली. पुढे मला वाढवले ते आत्याने. माझ्या मुंजीच्या, लग्नाच्या, मुलाच्या बारशाच्या आल्बमांत ती कुठेही नाही. फोटोची वेळ आली की आत्या स्वयंपाकघरात असे, किंवा तिला कोणाला तरी गाडीत बसवून द्यायचे असे. कारण सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नसे. पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या. ती वाचली, डोळेही वाचले; पण कपाळापासून हनुवटीपर्यंत वण राहिले. आजच्या मुलांना देवीचे वण म्हणजे काय हे सांगावे लागते, हे चांगलेच आहे. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले.

मी दोन दिवस आत्याच्या मागे लागलो. ती बधेना. तेव्हा मी माझ्या मते रामबाण युक्तिवाद काढला.

"आत्या, ही छत्री मुद्दाम त्यासाठीच असते. तिच्या उजेडात तुझ्या तोंडावरचं काही म्हणजे काही दिसणार नाही."

आत्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं. उघड."

मी त्या दिवशी जीव ओतला. छत्री बरोबर समोर, किंचित वर, चेहऱ्यापासून दोन हातांवर. मांडीवर पांढरी चादर पसरली, म्हणजे खालूनही उजेड यावा. हनुवटीखाली, नाकाशेजारी, कुठे म्हणून सावलीला थारा ठेवला नाही. वण म्हणजे तरी काय, कातडीतले खळगे. खळग्यात चारी बाजूंनी उजेड ओतला की तो भरून येतो. फोटो असा उतरला की चाळीतल्या बायका पाहायला आल्या. "अगं बाई, आत्या किती छान दिसतात!" "चेहरा कसा नितळ आलाय!" माझ्या बायकोने तर तो मोठा करून आपल्यासाठीही एक मागितला.

आत्याने सगळ्यांच्या शेवटी पाहिला. चष्मा पुसून पाहिला. मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाली,

"ही त्या फोटोवाल्याची मुलगी. म्हातारी झाली."

मला काही कळले नाही. रात्री जेवणे उरकल्यावर तिने सांगितले. १९६१ सालची गोष्ट. ती एकोणीस वर्षांची. आजोबांनी तिला गिरगावातल्याच एका स्टुडिओत नेले. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. फोटो आला तो चंद्रासारखा. एकही वण नाही. पुण्याच्या एका घराण्याने तो पाहून कळवले, मुलगी पसंत आहे, रीत म्हणून पाहून जातो. ती मंडळी आली याच खोलीत. आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मुलाच्या आईने बशी घेतली, आत्याकडे पाहून हसून म्हणाली, "बरं, आता फोटोतल्या मुलीला बोलवा."

"पोहे मात्र खाल्ले त्यांनी," आत्या म्हणाली. "दोनदा घेतले."

मी गप्प बसलो.

"नकाराचं काही नाही रे. त्याआधी दोन नकार आले होते. ते माझ्या तोंडाला आले होते, ते मला मान्य होते. हा आला फोटोमुळे. बाबांनी फसवलं असं ते जिन्यात मोठ्यानं बोलले, सगळ्या चाळीनं ऐकलं. बाबांनी कसलं फसवलंय! त्यांनी फोटोवाल्याला एवढंच म्हटलं होतं, जरा बरा काढा."

तो फोटोवाला काय करत असे हे मला ठाऊक आहे. काच किंवा फिल्म मागून उजेड येणाऱ्या तिरप्या मेजावर ठेवायची, तिच्यावर पेन्सिल धरावी म्हणून एक पातळ लेप चोळायचा आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने एकेक ठिपका भरत जायचे. उलट्या चित्रात सावली पारदर्शक असते. तिथे शिसे भरले की छापताना ती जागा उजळते. तासन्‌तास चालणारे, डोळे फोडणारे काम. वाईट हेतूने कोणी करत नसे. मी तेच काम पाच फूट कापडाने एका क्षणात केले होते. आणि मलाही वाटत होते, आत्याचा फोटो जरा बरा यावा.

त्यानंतर आत्याने स्थळे पाहू दिली नाहीत. ती महानगरपालिकेच्या आरोग्यखात्यात लागली, देवी टोचण्याच्या कामावर. ही नोकरी मला माहीत होती. पण त्या रात्री ती पहिल्यांदा तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलली. लालबाग-परळच्या चाळींतून पेटी घेऊन हिंडायचे. बाया दारे लावून घेत, पोरे माळ्यावर लपवत. "दुसऱ्या बायकांना तासतास समजूत घालावी लागायची. मी नुसती उंबऱ्यात उभी राहायची. माझं तोंड बघितलं की बाया पोराचा दंड आपणहून पुढे करायच्या." दुहेरी टोकाची सुई आल्यावर काम सोपे झाले, लशीचा थेंब टोकांत धरायचा आणि भराभर पंधरा वेळा टोचायचे. किती पोरांना टोचले याचा हिशेब तिने ठेवला नव्हता.

"मग फोटो काढूच नको म्हणतेस?" मी विचारले.

"काढू नको कुठे म्हटलं? माझा काढ म्हटलं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर रागारागाने छत्री बाजूला ठेवली. राग कोणाचा ते सांगता येत नाही. जसे आहे तसे काढायचे ना, मग नुसता फ्लॅशच स्टँडवर लावून बाजूने उडवला. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बिणीतून विवरे धड दिसत नाहीत आणि अष्टमीच्या चंद्रावर ती कडेकडेने स्पष्ट दिसतात, कारण ऊन तिथे आडवे पडते. तसेच झाले. एकेक वण विहिरीएवढा झाला. आत्याने पाहिले आणि मान हलवली.

"ह्यात नुसते वण आहेत. मी कुठाय?"

एरवी मी स्वतःला भाषेचा माणूस समजतो. पण खरे म्हणजे काय, यावर इतका रोखठोक अभिप्राय मला कोणत्याही टीकाकाराकडून मिळाला नव्हता. मी पुन्हा बोरा बाजार गाठला.

दुकानदाराने ओळखले. "काय साहेब, मऊ नाही आला?"

"फार मऊ आला."

असले गिऱ्हाईक त्याला बहुधा रोज भेटत नसावे. पण माणूस जाणता. मी वण म्हटल्याबरोबर त्याने मोठ्या छत्र्या बाजूला सारल्या. चांदीची पुढे केली, आणि मग आपणच मागे घेतली: चंदेरी अस्तराचा उजेड चकचकीत आणि धारदार असतो, तो प्रत्येक खळग्याची कड ओरडून सांगतो. उरली तेहतीस इंची, आतून पांढरी, बाहेरून काळी. उजेड पांढऱ्यावरून उलटून येतो म्हणून तो टोचत नाही. पाठीला काळे कापड असल्यामुळे तो मागे सांडत नाही, म्हणजे हिरव्या-निळ्या भिंतींची लुडबूड नाही आणि चादरींची उसनवारी नाही. आणि ती लहान असल्यामुळे सावलीला पुसून टाकत नाही. सावली उरते, पण तिची कड निवते.

पुढचे तीन तास आत्या आणि मी ती छत्री खोलीत हिंडवत होतो. समोर ठेवली तर पुन्हा ती 'फोटोवाल्याची मुलगी' डोकवायला लागे. अगदी बाजूला, कानाच्या रेषेत नेली तर विहिरी. दोन्हींच्या मध्ये, डाव्या खांद्यापलीकडे, डोळ्यांहून हातभर वर, अशी एक जागा होती. अंतराचेही तसेच. तीन फुटांवर वण बुजत. सहा फुटांवर नेली तर ते जागे होत, पण अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो, तेव्हा फ्लॅशचा जोर वाढवावा लागे आणि चार पेन्सिल सेल धापा टाकू लागत. साडेचार फुटांवर येऊन थांबलो. आत्या आता नुसती बसली नव्हती. प्रत्येक फोटो पाहून हुकूम सोडत होती. "जरा इकडे घे. कपाळावरचा मोठा दिसू दे, तो पहिला आला होता, आई सांगायची. हं. नाकाजवळचा एवढा नको, तो असा नाहीये." आरशात जिने साठ-सत्तर वर्षे आपला चेहरा पाहिला, तिच्याइतकी परीक्षक कोण मिळणार? माझ्या लक्षात आले, की बाकी दहा जणांना मी एकदाही काही विचारले नव्हते. त्यांना मऊपणा दिला होता, त्यांनी तो घेतला. तळमजल्यावरच्या काकू तर माझ्यावर अजून खूश आहेत. त्यांचे फोटो पुन्हा काढावे असे काही मला वाटले नाही. ज्याला कंदील हवा त्याला कंदील.

अखेर एका फोटोवर आत्या थांबली. वण होते, सगळे होते. पण ते पाहणाऱ्याच्या अंगावर धावून येत नव्हते. आधी डोळे दिसत, मग तोंडाच्या कोपऱ्यातली ती खवचट मुरड, आणि मग, ती बोलू लागेल असे वाटत असताना, वण दिसत. उंबऱ्यात उभी राहिलेली बाई त्या लोकांना अशीच दिसली असेल.

"हं," आत्या म्हणाली. एवढेच.

मी तो छापून आणला. आत्याने तो दिव्याखाली धरून पाहिला, मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून एक पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला. मी तो जन्मात पाहिला नव्हता. कुंडीवर हात टेकून उभी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी, गाल मेणासारखे, मागे रंगवलेल्या पडद्यावर कसलासा महाल. आत्याने दोन्ही फोटो पलंगावर शेजारी शेजारी ठेवले.

"तोंड त्या फोटोवाल्याचं," ती जुन्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली. "साडी वरच्या मजल्यावरच्या काकूंची. महाल पडद्याचा. हात तेवढे माझे."

मग ती नव्या फोटोवर वाकली. तो मी खांद्यापर्यंतच घेतला होता.

"ह्यात हात कुठायत?"

"चौकात लावायला चेहराच ठरलाय, आत्या. सगळ्यांचे तसेच आहेत."

"टोचलं ते हातांनी," आत्या म्हणाली. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, खुर्ची ओढून भिंतीशी आणली आणि दोन्ही हात मांडीवर नीट ठेवून बसली.

"उघड ती छत्री."